खालच्या ओळीतला तिसरा फोटो

एका पत्राचे उत्तर माझ्याकडून तीस वर्षे राहून गेले. पत्र माझ्या नावाचे नव्हते, हे खरे. मला लिहिता येत नाही, हेही खरे. पण ते पत्र माझ्या पाठीत होते, त्याचे उत्तरही माझ्याच पाठीत होते, आणि मी भिंतीला टेकून गप्प होतो. म्हणून मित्रांनो, आज धीर करून बोलतो. नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. जन्मभर मी दाखवण्याचे काम केले. सांगायची सवय नाही.

मी एका जुन्या सिनेमा थिएटरच्या दारातला फोटोंचा बोर्ड आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी असा बोर्ड पाहिलाही नसेल. जाड लाकडी चौकट, आत हिरवे कापड, त्यावर दोन ओळींत आठ फोटो, आणि पुढे काचेची दोन दारे. दर शुक्रवारी नवा सिनेमा लागे आणि त्यातल्या प्रसंगांचे फोटो माझ्या अंगावर टाचले जात. ते पाहून लोक ठरवत, आत जायचे की घरची वाट धरायची.

मला घडवणारा सुतार हौशी होता. त्याने माझ्या पाठीला चार स्क्रूंची एक सुटी फळी बसवली. मॅनेजर म्हणाले, "ही कशाला? मागून कोण बघतंय?" सुतार म्हणाला, "साहेब, ओल पुढून दिसत नाही. कधीतरी पाठ उघडावी लागते." त्याचे बोलणे मला फार उशिरा कळले.

माझी देखभाल एकाच माणसाकडे होती. सगळे त्यांना टाचणीमामा म्हणत. फोटो लावताना ते सात-आठ टाचण्या ओठांत धरत आणि सगळ्या जगाला "हूं" आणि "उंहूं" एवढीच उत्तरे देत. दारावरचा दारवान मोठा थट्टेखोर. तो म्हणायचा, "मामांना बघायला गेले तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं म्हणे, मुलगा कमावता आहे ते कळलं, पण बोलता आहे का?" मामा टाचण्यांतूनच हसत. हात मात्र हलका. एकही फोटो त्यांनी कधी तिरका लावला नाही.

लोक सिनेमा कसा निवडतात, हे मला विचाराल तर आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. एक कारकून फक्त जिन्याचा फोटो शोधायचे. जिना असला की तिकीट. का, कोण जाणे. एक आजी नातीला विचारायच्या, "शेवटी सगळी घरी येतात का गं?" नात फोटो न बघताच "हो" म्हणायची. दोघे नवे नवरा-बायको सर्वांत लांबलचक सिनेमा निवडायचे, कारण घरात माणसे फार होती. आणि बरेचसे लोक, आधी कुणीतरी थांबले होते म्हणून थांबायचे. मॅनेजरांचे मत पक्के होते. "बोर्ड भरलेला दिसला पाहिजे. बोर्डावर भोक, तर हॉलमध्ये भोक!"

इथेच सगळी गोम होती. फोटोंचा संच गावोगाव फिरून आमच्याकडे येई. कुठे एखादा फाटे, कुठे नायिका कुणाला आवडली की गुपचूप नाहीसा होई. आठांतले सहाच पोचत. मग मामा आपल्या पत्र्याच्या ट्रंकेतून दुसऱ्याच एखाद्या जुन्या सिनेमाचा सुटा फोटो काढून भोक बुजवत. नट-नट्यांचा नव्हे, गर्दीचा. "गर्दी काय, सगळ्या सिनेमांत सारखीच," असे ते म्हणत. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षातही आले नव्हते.

एका शुक्रवारी त्यांनी खालच्या ओळीत तिसरा फोटो असाच लावला. कारखान्याचे फाटक, सुटी झालेली, बाहेर पडणारी माणसे. अगदी कडेला एक तरुण, मान वळवून कुणाकडे तरी बघून हसणारा.

दुपारी एक बाई समोरून चालल्या होत्या. त्यांचे दोन गल्ल्या पलीकडे शिलाईचे दुकान होते; गळ्यात टेप तसाच लोंबत होता. आमच्या दाराकडे त्यांनी कधी वळूनही पाहिले नव्हते. त्या दिवशी चार पावले पुढे गेल्या आणि मागे आल्या. वाकल्या. काचेला नाक टेकेपर्यंत वाकल्या. मग सरळ खिडकीशी जाऊन तिकीट काढले.

सिनेमा सुटल्यावर सगळ्यांआधी त्या बाहेर आल्या आणि पुन्हा माझ्यासमोर उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. तिसऱ्या दिवशीही. तो सिनेमा तीन आठवडे चालला. बाईंनी तो अठरा वेळा पाहिला.

दारवान म्हणाला, "बाई, हिरो काही पडद्यातून उतरून तुमचा हात धरायचा नाही हं!"

"हिरो गेला चुलीत. त्याचं नाकसुद्धा आठवत नाही मला," बाई म्हणाल्या. "ते फाटकाचं कधी येतं हो? माझा डोळा लागतो की काय मधे?"

"फाटक? सगळा सिनेमा बंगल्यात घडतो की. कसलं फाटक?"

"हे काय फोटोत!"

दारवानाने वाकून पाहिले, डोके खाजवले. "मग कापलं असेल. लांबलं की कापतात."

बाई फोटोकडे वळल्या. मग हळूच विचारले, "कापलेला तुकडा कुठं ठेवतात?"

मित्रांनो, दारवानाला त्या दिवशी थट्टा सुचली नाही.

मग बाईंनी मामांना गाठले. मामा स्टुलावर उभे राहून माझी काच पुसत होते. ओठांत टाचण्या. "दादा, एवढंच सांगा," बाई म्हणाल्या, "हा फोटो कधीचा असेल? याच वर्षीचा ना?"

टाचण्या काढायला किती वेळ लागतो? मी मोजत होतो. मामांनी त्या काढल्या नाहीत. आत मॅनेजर उभे होते. दुसऱ्याच सिनेमाचा फोटो लावून तिकिटे खपवली, असा बोभाटा झाला असता तर नोकरी गेली असती. आणि अठरा वेळा सिनेमा बघितलेल्या माणसाला 'तो यात नव्हताच' हे कोणत्या तोंडाने सांगायचे? मामांनी 'ठाऊक नाही' अशी मान हलवली. "उंहूं."

शेवटच्या गुरुवारी बाईंनी माझ्या दोन दारांच्या फटीतून एक घडी केलेला कागद आत सरकवला. वर लिहिले होते, 'फोटो लावणाऱ्या दादांस'. शुक्रवारी सकाळी मामांनी तो उघडला. ते मनातल्या मनात वाचत होते, पण कागद माझ्या काचेजवळ होता.

'दादा, फोटोत कडेला आहे तो माझा धाकटा भाऊ. चेहऱ्यावरून म्हणत नाही, चेहरे फसवतात. त्याच्या शर्टाचा खिसा बघा. शर्टाच्या रेघा उभ्या आहेत, खिशाच्या आडव्या. कापड कमी पडलं म्हणून मीच तसा लावला होता. त्यावरून तो रागावला, मी जास्त रागावले, आणि तोंड दाखवू नकोस म्हणाले. त्याला नऊ वर्षं झाली. फोटो याच वर्षीचा असेल, तर तो आहे असं धरून मी चालेन. नसेल तर तसं सांगा. पण सांगा.' खाली घरचा पत्ता होता.

मामांच्या ओठांतून टाचण्या एकेक करून खाली पडल्या. त्यांनी तिसरा फोटो काढून उलटा केला. मागे शिक्का होता: दुसऱ्याच सिनेमाचे नाव, आणि सहा वर्षांपूर्वीचे साल.

 मग त्यांनी मला भिंतीवरून उतरवले, पाठीचे चार स्क्रू काढले, फोटो आणि पत्र आत ठेवले आणि फळी पुन्हा आवळली. "सांगू सवडीनं," असे काहीतरी ते पुटपुटले. कुणाला म्हणाले, कळले नाही. तिथे मी एकटाच होतो.

त्यानंतर दर शुक्रवारी बाई यायच्या. नवे फोटो लागलेले असायचे. त्या फक्त खालच्या ओळीतला तिसरा बघायच्या. काचेवर त्यांच्या श्वासाचा एक गोल उमटायचा आणि विरायचा. त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, माझ्या पाठीत, तो हसत होता. मला ओरडावेसे वाटे. पण लाकूड फार तर करकरते. एकदा मी करकरलोही. बाई दचकून मागे सरल्या, एवढेच. वर्षभराने त्या यायच्या थांबल्या.

मामांनी मात्र परका फोटो पुन्हा कधी लावला नाही. संच अपुरा आला की खालची तिसरी जागा ते रिकामी ठेवत. मॅनेजर ओरडत, "अहो, बोर्ड रिकामा दिसतोय!" मामा टाचण्या काढून सांगत, "रिकामाच आहे, साहेब."

त्या जागेला मीही घाबरू लागलो. उन्हाने भोवतालचे कापड विटले, पण तिथे गडद हिरवा चौकोन तसाच राहिला. लोक जाता जाता नेमके तिथेच थबकत. काहीच नाही तर काय बघतात हे? काचेत त्यांचाच चेहरा दिसत असणार, अशी मी मनाची समजूत घातली. मग एका संध्याकाळी एक लहान मुलगी त्या रिकाम्या चौकोनाकडे बोट दाखवून आईला म्हणाली, "हा बघ, कसा हसतोय." आईने तिला ओढत नेले. मी आत कसा पाहणार? पाठ स्वतःची स्वतःला दिसत नाही.

वर्षे गेली. लोक घरी बसूनच सिनेमा ठरवू लागले. दारात येऊन फोटो बघायचे कुणाला कारण उरले नाही. मामा निवृत्त झाले. थिएटर बंद पडले. सात वर्षे माझ्यावर धूळ बसली आणि एका सकाळी कामगारांनी मला उचकटून फुटपाथवर आणून ठेवले, भंगाराच्या गाडीची वाट बघत. डावी काच फुटली.

दारवान, आता पांढऱ्या मिशांचा, बघायला आला होता. त्यानेच मामांना निरोप धाडला. मामा काठी टेकत आले. खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता, काखेत कागद आणि तिकीट लावलेले मोठे पाकीट.

"हे काय, जुनं लाकूड न्यायला आलात?" दारवान म्हणाला.

"उंहूं."

"आता तरी बोला की! टाचण्या कुठंयत तोंडात?"

मामा फुटपाथवर बसले. तीन स्क्रू निघाले, चौथा गंजला होता. फळी फोडावी लागली. पत्र पिवळे पडले होते. फोटो मात्र कालच धुऊन काढल्यासारखा काळाभोर, लख्ख. उजेडात असलेले सगळे फोटो केव्हाच फिके होऊन गेले. अंधारात कोंडलेला हा तेवढा तरुण राहिला. आडव्या रेघांचा खिसा स्पष्ट दिसत होता.

दारवानाने पत्र वाचले, मग फोटो उलटून मागचा शिक्का वाचला. "मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"पण आता? बाई असतील का त्या पत्त्यावर? असतील का मुळात?"

"नसल्या तर माझं उत्तर परत येईल," मामा म्हणाले. "परत आलं तर ते माझ्याकडं राहील. तेही माझंच आहे."

त्यांनी माझ्या शाबूत काचेवर कागद ठेवला. म्हणून मला प्रत्येक अक्षर वाचता आले.

'ताई, तुमचा भाऊ त्या सिनेमात नव्हता. फोटो त्याच्या सहा वर्षं आधीच्या दुसऱ्या सिनेमाचा आहे. बोर्डावर भोक दिसू नये म्हणून तो मी लावला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मला हे ठाऊक होतं. तो घर सोडून गेल्यावर तीन वर्षांनी तरी होता, आणि तुम्ही शिवलेलाच शर्ट घालून होता. त्यापुढचं मला माहीत नाही. गर्दी सगळी सारखीच असते, असं मी म्हणत असे. ते चूक होतं. फोटो सोबत पाठवतो, तो तुमचाच आहे. मागचा शिक्का बघा.'

खाली त्यांनी स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. इतक्या वर्षांत ते मी प्रथमच पाहिले.

मित्रांनो, मला उपदेश करायचा अधिकार नाही. पण एक मागणे आहे. तुमच्याकडे एखादी जागा रिकामी राहिली, तर ती रिकामी राहू द्या. हाताला लागेल ते तिथे टाचू नका. ज्याला आपण भोक बुजवायचा कागद समजतो, तो कुणाचा तरी भाऊ असतो. आणि कुणी विचारले, तर तोंडातल्या टाचण्या काढा. त्याला क्षणभरच लागतो. मी मोजले आहे.

रस्त्यापलीकडे टपालपेटी आहे. जन्मभर ती माझ्या काचेत दिसत आली. मामा काठी टेकत तिकडे गेले. पाकीट फोटोपेक्षा मोठे होते आणि पेटीची फट लहान. घडी घातली असती तर चेहऱ्यावर चुणी पडली असती. मामांनी घडी घातली नाही. पाकीट तिरके धरून, इंच इंच आत सरकवले, मनगटापर्यंत हात आत गेला तेव्हा सोडले.

भंगाराची गाडी आली होती. मामांचा हात अजून पेटीतच होता.