किंचाळीबाई

स्टुडिओत तिला सगळे किंचाळीबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मारामारीच्या सिनेमांतल्या निम्म्या नायिका तिच्याच गळ्यातून ओरडलेल्या. तेव्हाच्या नायिकेला दुसरं काम तरी काय असायचं? सपाट जमिनीवर पाय मुरगळून घ्यायचा, गुंडांच्या तावडीत सापडायचं आणि नायक येईपर्यंत बोंब ठोकायची. पडद्यामागून ती बोंब बाई ठोकायची.

मग जमाना फिरला. नायिकाच गुंडांना लोळवायला लागली. बाईला बरं वाटलं, का नाही वाटणार? पण धास्तीही वाटली. न ओरडणाऱ्या नायिकेला किंचाळीबाई कशाला लागतेय!

त्या दिवशी पडद्यावरची नायिका जखमी साथीदाराला खांद्यावर टाकून जळत्या इमारतीतून बाहेर पडत होती. बाईने फक्त त्याला उचलतानाचा आवाज द्यायचा होता. तिने तोंड उघडलं, की किंकाळीच बाहेर पडे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. इतक्या वर्षांचं गळ्याचं वळण, ते जाता जाईना. ध्वनिमुद्रक भला माणूस. त्याने तिला पाणी दिलं आणि चाचरत सांगितलं, की उद्या अजून एकदा बघू, नाहीतर दिग्दर्शक दुसरी मुलगी बोलावणार आहेत.

घरी ती नवऱ्याला काही बोलली नाही. पक्षाघाताने त्याची एक बाजू गेली होती, जीभ अडखळायची. जेवायची वेळ झाली तशी तिने पाय रोवले, त्याच्या काखेत हात घातले आणि रोजच्यासारखं 'चला सरकार' म्हणत त्याला पलंगावरून खुर्चीत घेतलं. त्याचा चेहराही रोजच्यासारखाच कसनुसा झाला. बायकोच्या कमरेवर आपण ओझं झालो, हे त्याला आतून खात होतं.

तिचं काहीतरी बिनसलंय हे मात्र त्याने ओळखलं. खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता रडली.

"मला घेऊन चल," तो म्हणाला. "तुझा तो आवाज... मी रोज ऐकतो."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला खरंच नेलं. माइकसमोर खुर्ची ठेवून त्याला बसवलं. पडद्याकडे तिने पाहिलंच नाही. पाय रोवले आणि त्याला उचललं. दातांमधून, पार पोटातून हुंकार निघाला, आणि मागोमाग सवयीने 'चला सरकार'सुद्धा. तिने जीभ चावली. ते शब्द काढून टाका म्हणाली. पण दिग्दर्शकाने तो तुकडा पुन्हा ऐकला. तिथे नायिकेची पाठ आहे, ओठ दिसत नाहीत, राहू द्या म्हणाला.

सिनेमा लागला तेव्हा दोघं बघायला गेली. आगीचा प्रसंग आला. नायिकेने साथीदाराला खांद्यावर घेतलं, हुंकार दिला आणि म्हणाली, चला सरकार. थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. बाईने घाबरतच नवऱ्याकडे पाहिलं. कसनुसा चेहरा कुठच्या कुठे गेला होता. चांगल्या हाताने त्याने शेजारच्या अनोळखी माणसाला ढोसलं आणि पडद्याकडे बोट केलं.

"तिच्या खांद्यावर," तो अडखळत म्हणाला, "तो मी आहे."