रिकाम्या बशीचा पराक्रम

मित्रांनो, जंतूंविरुद्धच्या महायुद्धात मी अगदी आघाडीवर होते. फक्त जंतूंच्या बाजूने. मी प्रयोगशाळेतली एक जुनी, झाकणाची काचेची बशी आहे आणि काहीही न करणे हेच माझे काम होते.

शेजारच्या बशीत जंतू पेरून मधोमध ओव्याच्या तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवत. माझ्यातही तेच जंतू पेरत, पण तेल नाही. शेजारीण स्वच्छ राहिली आणि मी बरबटले, म्हणजे तेलाचा गुण सिद्ध. घाण होण्यासाठीच माझी नेमणूक होती आणि ते काम मी मन लावून करत असे.

प्रयोग करणाऱ्या आमच्या ताई या तेलामागे हात धुऊन लागल्या होत्या. ओव्यातले थायमॉल हे द्रव्य जंतूंचे पातळ आवरण फाडते आणि आतले सगळे बाहेर गळते, असे त्या सांगत. प्रयोगशाळेचे मोठे सर ऐकत आणि चष्मा पुसत. शेवटी त्यांनी बजावले, की हा प्रयोग फसला तर तेलाचे काम बंद.

दुसऱ्या दिवशी ताईंनी आम्हा दोघींना ठेवलेली उबदार पेटी उघडली. शेजारीण लख्ख. आणि मीही लख्ख! आयुष्यात पहिल्यांदा इतकी सुंदर दिसले, तर सगळ्यांची तोंडे पडली.

"ताई, तेलाचं राहू द्या," सर म्हणाले. "तुमचे जंतूच आजारी होते."

ताईंनी माझे झाकण उचलून नाकाशी नेले. असे कधीही करू नये, ही सूचना त्यांनीच भिंतीवर लावली होती.

"सर, हिच्यात तेल नव्हतं ना? मग ओव्याचा वास कुठून येतोय?"

सरांनीही सूचना मोडली. मग दोघांनी पेटीत डोकावून पाहिले. हे तेल हवेत उडणारे, आमची झाकणे मुद्दाम सैल आणि पेटी एकच. तेलाची वाफ न विचारता माझ्या घरात शिरली होती आणि माझे सगळे जंतू मारून गेली होती.

ताईंनी लगेच आम्हा दोघींत पुन्हा जंतू पेरले आणि मला वेगळ्या पेटीत ठेवले. मीही कंबर कसली. दुसऱ्या दिवशी शेजारीण पुन्हा लख्ख होती आणि मी अशी काही बरबटले होते, की सर चक्क हसले. तेलाचे काम चालू राहिले.

आता काठाचा टवका उडाल्यामुळे मी ताईंच्या टेबलावर टाचण्या सांभाळते. मित्रांनो, मनाविरुद्ध निकाल आला तर तो फेकण्याआधी नीट बघा. जंतू मारते म्हणून हे तेल चमच्याने पिऊ नका. आणि जाता जाता शेजारच्या तेलाच्या बाटलीचे बूच तेवढे घट्ट लावा. टाचण्यांनाही वास लागलाय.