खंडेनवमीची सुट्टी

मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. भिंतीवरचे दिव्याचे बटण नव्हे बरं का, मित्रांनो! एका संगणकाचा निरोप दुसऱ्याकडे पोहोचवणारा डबा. जन्मलो परदेशात, पण नाव काढले ते केजकडच्या एका साखर कारखान्यात, २००० साली.

माझ्यासोबत हुबेहूब माझ्यासारखा भाऊ आला. ऊसगाड्यांचे नंबर ठेवणाऱ्या प्रत्येक संगणकातून दोन वायरी निघत, एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. निम्मे काम मी ओढायचे, निम्मे त्याने, आणि एक आडवा झाला तर सगळे दुसऱ्याने. गाड्यांच्या यार्डाचे प्रमुख सुंदरराव मात्र कुरकुरत, "दोन डबे कशाला? एक कपाटात ठिवा. आन् एकदा जरी बंद पडलं, तर आपली कागदी चिठ्ठीच बरी हाय." चिठ्ठीच्या काळात ओळखीच्या गाड्या खुशाल पुढे घुसत. म्हणूनच संगणक चालवणारी वनमाला आमच्यासाठी भांडली होती.

उसाचा गळीत हंगाम सुरू व्हायला पंधरा दिवस होते. खंडेनवमीला अवजारांना विश्रांती देऊन पूजतात. वनमालाने हळदीकुंकवाचे ताट आणले. "आज ह्याला आराम. दुसरा हाय की!" म्हणत तिने माझे बटण बंद केले, आणि भाऊही विझला! वायरमन मन्मथप्पांनी टापटिपीच्या हौसेने आम्हा दोघांना एकाच बोर्डावर, एकाच बटणाखाली जोडले होते.

"लई चुकलं बाई," म्हणत त्यांनी कान पकडले. त्याच दिवशी भावाला वेगळा बोर्ड, वेगळी लाईन आणि वेगळी बॅटरी मिळाली.

पौषातल्या एका दुपारी भावाचा बोर्ड बॅटरीसकट जळाला आणि तो विझला. यार्डात तीनशे गाड्या उभ्या होत्या. सुंदररावांनी लगेच चिठ्ठ्यांचे पुस्तक बाहेर काढले. शिरूर कासारहून ऊसतोडीला आलेल्या केशरबाई धावत खिडकीशी आल्या. त्यांचे बैल सकाळपासून उन्हात ताटकळत होते.

"ताई, माजा नंबर गेला का?"

वनमालाने पडद्याकडे पाहिले. सगळा भार मी एकट्याने उचलला होता, एक निरोपही सांडला नव्हता.

"न्हाई मावशी. दोनशे चौदा. तुमचाच हाय."

सुंदररावांनी पुस्तक परत खिशात घातले. मित्रांनो, माझ्या सगळ्या दिव्यांसकट मी त्या दिवशी मिरवलो, अगदी नवरदेवासारखा. मला अजूनही त्याचा गर्व आहे, आणि तो मी लपवणार नाही.

आता माझ्याहून चपळ स्विच आले आहेत. मी गोदामात, रिकाम्या पोत्यांच्या शेजारी असतो. धूळ फार बसते, पुसायला कुणी येत नाही, याचे वाईट वाटते.

एकच सांगतो. ज्याच्या जिवावर तुमचे सारे चालते, त्याला वर्षातून एक दिवस सुट्टी द्या. त्याला पुसा, कुंकू लावा, आणि तेवढ्या वेळात दुसरा उभा राहतो का, ते डोळ्यांनी बघा. त्या खंडेनवमीला मला सुट्टी मिळाली नसती, तर केशरबाईंचा नंबर गेला असता.