सिग्नल बघणं हेमाताईंकडे होतं

यज्ञेश्वर खांबेटे यांनी एकोणचाळीस वर्षं गाडी चालवली, पण सिग्नल म्हणून कधी पाहिला नाही. ते खातं बायकोचं, हेमाताईंचं. क्लच, ब्रेक आणि इतरांना नावं ठेवणं यांच्याकडे. डावीकडच्या सीटवरून "लाल आहे", "अहो, सुटला" एवढं त्यांच्याकडे. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, असा संसार.

मार्गशीर्षात हेमाताई गेल्या. पुढच्या आठ महिन्यांत गाडीला तीन ओरखडे पडले. दोन पार्किंगच्या खांबाचे; तिसरा कशाचा, ते यज्ञेश्वरराव सांगत नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी नागोराव म्हणाले, "काका, खांब काही हलणार नाही. तुम्हीच जरा हला."

डाव्या सीटवर कोणी बसावं म्हणून ते विश्रांतवाडीभर लोकांना सोडतो सोडतो म्हणत. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रियदर्शनी म्हणाल्या, "नको काका, मला डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय." पायाला प्लास्टर होतं.

तरी मंगळवारची फेरी चुकत नसे. मांजरी गावात बद्रीनाथ राहत, ऑफिसातले जुने मित्र. गुडघ्यांमुळे ते घराबाहेर पडत नसत आणि यज्ञेश्वररावांकडे दुसरं कोणी येत नसे. वाटेत पुढची गाडी थांबली की थांबायचं, निघाली की निघायचं. आठ महिने तसं निभावलं.

त्या मंगळवारी चौकात यांच्या पुढे कोणीच नव्हतं. सिग्नल सुटला. हे बसून. मागे हॉर्नचा कल्लोळ. शेवटी एक रिक्षावाला उतरून खिडकीशी आला. "आजोबा, सुटलाय कधीचा. मुहूर्त बघताय का?"

तोवर पुन्हा लाल झाला होता. पण कानावर 'सुटला' पडलं आणि डावा पाय आपोआप क्लचवरून उठला.

उजवीकडून स्कूटरवर एक कॉलेजची मुलगी येत होती. तिने ब्रेक दाबला, घसरली, पडली. गाडी तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

गुडघा झटकत ती उठली. "आजोबा, दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतं," यज्ञेश्वरराव म्हणाले. "बघायची सवय नाही."

ट्रॅफिकच्या बाई धावत आल्या. मुलीला कडेला बसवून त्यांनी यांना घरच्यांचा नंबर विचारला. पाठ असलेला एकच होता, तो यांनी घडाघडा सांगितला. बाईंनी लावला, तर फोन यांच्याच खिशात वाजायला लागला.

बाईंनी खिशाकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "मिसेसचा?"

"चार्ज करून ठेवतो," ते म्हणाले आणि किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. "गाडी तुम्हीच बाजूला लावा. मी आता या सीटवर बसत नाही."

फुटपाथवर बसून त्यांनी बद्रीनाथांना फोन लावला.

"कुठवर आलास? चहा टाकलाय."

"आज जमत नाही."

"मग पुढच्या मंगळवारी."

"गाडी बंद केली मी. आज एक पोर थोडक्यात वाचली."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग बद्रीनाथ म्हणाले, "रिक्षाने ये की."

"बघू."

"हो, बघू," बद्रीनाथ म्हणाले. पण फोन दोघांपैकी कोणीच ठेवला नाही. तिकडे मांजरीत चहा उतू गेल्याचा आवाज यज्ञेश्वररावांना स्पष्ट ऐकू आला.

"गॅस बंद कर रे," ते म्हणाले.