सायकलवर मागे बसलेली मुलगी

मित्रांनो, माझ्या पाठीवर तीन चिकटपट्ट्या आहेत आणि पहिली चार पानं कधीच गळून पडली. मी रुग्णालयाच्या नोंदणी खोलीतला जुना, जाडजूड ग्रंथ. माणसाला काय काय इजा होऊ शकते आणि कशामुळे, ते सगळं माझ्या पोटात आहे, प्रत्येकीचा कोड नंबर ठरलेला. सायकलला मोटारीने धडक दिली, तर चालवणाऱ्याचा कोड वेगळा आणि मागे बसलेल्याचा वेगळा. फरक शेवटच्या एका अंकाचा.

नवा होतो तेव्हा माझा काय रुबाब होता. कारकूनबाई हात पुसून मला उघडायच्या. अडले की मोठे डॉक्टरसुद्धा माझ्याकडे यायचे. पुढे बाईंना निम्मे कोड तोंडपाठ झाले आणि माझ्यावर चहाचा कप बसू लागला. मला राग यायचा, पण ग्रंथाचा राग कोण मनावर घेतो?

कागदांचा ढीग उपसायचा म्हणून केसपेपरचं पहिलंच पान वाचायचं, अशी त्या खोलीत रीतच पडली होती. एका दुपारी सहा वर्षांच्या मुलीचा केसपेपर आला. मुलगी त्याच सकाळी गेली होती. डॉक्टरांनी पहिल्या पानावर घाईत खरडलं होतं, ‘सायकल, मोटारीची धडक’. बाईंनी चालवणाऱ्याचा कोड टाकला आणि पुढचा कागद ओढला. मी कपाखाली गप्प पडून होतो.

महिन्याभराने मुलीची आई आली. मोटारवाल्याच्या वकिलाने तोच कोड कोर्टात पुढे केला होता. बाप मागून धावत सायकल शिकवत होता आणि मुलीनेच ती मोटारीपुढे घातली, असं त्याचं म्हणणं. बाप अजून वरच्या वॉर्डात होता. डोक्याला मार लागल्यामुळे त्याला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं, आणि पाहणारं दुसरं कुणी नव्हतं.

“ताई, तिला सायकल येतच नव्हती,” आई उभ्यानेच म्हणाली. “तिचे पाय पेडलला पुरायचे नाहीत. मेल्यावर तरी तिच्यावर बोल नको. पण माझं कोण ऐकतंय? कागद तुमचा.”

बाईंचा चेहरा पडला. नुसत्या सांगण्यावरून कोड बदलता येत नाही, केसपेपरात तसं लिहिलेलं लागतं. त्यांनी फाइल काढली आणि त्या मुलीचे सगळे कागद पहिल्यांदाच वाचले. चौथ्या पानावर नर्सची नोंद होती. बाईंनी ते पान आईकडे फिरवलं.

‘मुलगी पंधरा मिनिटं शुद्धीवर. सांगते, बाबा चालवत होते, मी मागे बसले होते. बाबांना रागावू नका. आईला बोलवा म्हणते.’

“मी खालीच होते हो,” आई म्हणाली. “फॉर्म भरायच्या रांगेत.”

बाईंनी मला उघडून ओळीवर बोट ठेवलं आणि कोड दुरुस्त केला. डॉक्टरांनी सही केली. मुलीवरचा बोल गेला. आईने मात्र दुरुस्तीच्या कागदाची न बघताच घडी घातली, आणि चौथ्या पानाची एक प्रत मागून घेतली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी अशाच टेबलाशी बसेल. मला जपलं नाहीत तरी चालेल, माझं वय झालं. पण ज्याचा कागद हातात येईल, त्याचं शेवटचं पान वाचल्याशिवाय त्याच्या नावापुढे काही लिहू नका.