माळ्यावरची वहिदा

“वहिदा, शिडी काढू का?” जिलानीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता काढलीही. लातूरच्या क्लासवाल्या गल्लीतलं त्याचं मोबाईलचं दुकान इतकं चिंचोळं, की शिडी आत ठेवली तर गिऱ्हाईक बाहेर राहायचं. नवरा म्हणून तो वाईट नव्हता, जागा पुरत नव्हती एवढंच. सकाळी वहिदा माळ्यावर चढली, की दुपारी शटर ओढेपर्यंत वरच. मेमरी कार्डं दोरीला बांधलेल्या डब्याच्या झाकणातून वरखाली व्हायची.

होस्टेलात पोरींना फक्त बटणांचा फोन चाले, आणि त्या फोनात क्लासचे व्हिडिओ चालत नसत. ‘फॉरमॅट सपोर्ट नाही’ म्हणून फोन हात वर करायचा. वहिदा ते बारीक करून त्या फोनात चालणाऱ्या थ्रीजीपी फाईली बनवून द्यायची. सात वर्षं अकरावी-बारावी तिच्या कानावरून जात होती, पण ती तिला आधीच येत होती. बारावीला फिजिक्समध्ये नव्वद मार्क पडले, त्याच महिन्यात लग्न ठरलं. मार्कलिस्ट ट्रंकेत गेली आणि ती माळ्यावर. किल्लारीच्या भूकंपात आठ वर्षांची वहिदा पलंगाखाली अडकली होती, तेव्हा लोकांनी दगड उपसून तिला बाहेर काढलं. इथं कोण काय उपसणार?

खालून पुनमचा आवाज आला. किनवटकडची ही पोर दर शनिवारी कार्डात व्हिडिओ भरून घ्यायला यायची.

“भैया, भिंगाचं एकबी गणित जुळून न्हाई राहिलं. उद्या टेस्ट हाय. नापास झाले तर बाबा घरी नेतो म्हनलेत.”

“मला काय इचारती? तुझ्या सरला इचार.”

“फोनात सूत्राच्या मधलं चिन्हच दिसत न्हाई. मी आरशाच्या सूत्रासारखी बेरीजच करून राहिले.”

 वहिदानं माळ्यावरच्या कॉम्प्युटरवर मूळ व्हिडिओ लावला. फळ्यावर वजाचं चिन्ह स्वच्छ होतं. फाईल बारीक करताना तिनंच ते घालवलं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

“बेरीज न्हाई, वजाबाकी!” ती वरून ओरडली.

जिलानीनं डोळे वटारले. “गप बस. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम न्हाई तुझं.”

तिनं कागद पुढ्यात ओढला. त्यावर सूत्र लिहिलं, खाली एक गणित सोडवलं आणि झाकण खाली सोडलं. पुनमनं तिथंच काउंटरवर स्वतःचं गणित पुन्हा मांडलं. उत्तर जुळलं.

“भैया, वर कोन मॅडम हायत?”

“मॅडम कसली? बायको हाय माझी. फाईली बनवती.”

पुनमनं मान वर केली. “ताई, पाच मिनिटं खाली येता का? आजून एक अडलंय.”

वहिदाचे पाय माळ्याच्या कडेपर्यंत गेले. जिलानी दुसऱ्या गिऱ्हाइकाला चार्जर दाखवत होता.

“शिडी बाहेर हाय गं,” ती म्हणाली. “वही वर पाठव.”

वही झाकणात मावेना. पुनमनं ओढणीची पिन काढली, वही दोरीला अडकवली आणि दोन्ही हातांनी वर धरली. वहिदा दोरी ओढू लागली.