मर्लला दिलेली वीस काडतुसं

मर्ल ट्वेटेनला अस्वलानं मारलं त्याला दोन दिवस झाले होते, आणि टॅमरॅक गावात अस्वलाला कुणी नावं ठेवत नव्हतं. नावं मर्ललाच ठेवली जात होती.

"बोल्टसुद्धा लागला नाही त्याच्याकडून," क्लेटन म्हणाला. हा क्लेटन ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. त्याचे पंजे एवढे थोर, की हॉटेलात त्यानं कॉफीचा मग उचलला की मग दिसेनासा व्हायचा आणि परक्याला वाटायचं, गडी आपली मूठच चोखतोय. "अर्धा खाली आणला आणि तिथंच सोडला. तीस वर्षं ऐकतोय, अस्वल आलं तर त्याच्या नाकात नळी घालीन, नाकात नळी घालीन! आलं तेव्हा काय केलं? बघत बसला."

"थंडी किती होती," कुणीतरी म्हणालं.

"थंडी अस्वलालाही होती की."

लोक हसले. मोठ्यानं नाही, मेलेल्या माणसाला हसावं तेवढंच. खिडकीशी मर्लचा थोरला भाऊ हॅल्वर बसला होता. तो हसला नाही, आणि "गप्प बसा" असंही म्हणाला नाही. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून मागून कुलूप लावणारा दांडा. तो लागला नाही तर बंदूक म्हणजे नुसती काठी. मर्लचा बोल्ट का लागला नाही, हे त्या गावात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस कॉफी संपवून, टोपी घालून दाराबाहेर पडला.

सोमवारी मर्लला पुरायचं होतं. तोवर हॅल्वरनं तोंड उघडलं नाही, तर मर्ल भित्रा म्हणून मातीत जाणार होता. आणि उघडलं, तर हॅल्वरला उरलेली वर्षं याच गावात, याच लोकांच्या नजरेसमोर काढायची होती.

हॅल्वर पूर्वी लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. गिरणीतलं काम सुटल्यावर धार लावायला काही उरलं नाही, म्हणून काडतुसं भरू लागला. काडतूस उडालं की गोळी जाते, दारू जळते, पितळेची पुंगळी तेवढी मागं राहते. ती पुन्हा मापात आणायची, बार पेटवणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवायची. मोंटानाच्या त्या खोऱ्यात हा उद्योग घरटी कुणीतरी करतं, पण हॅल्वरसारखा कुणी नाही. त्याच्या मापाबद्दल असं सांगतात, की एकदा त्यानं आपल्या मांजराच्या दोन्हीकडच्या मिशा मोजून डाव्या बाजूच्या बारीक आहेत असं जाहीर केलं, आणि मांजरानं ते एवढं मनाला लावून घेतलं की पुढं जन्मभर त्यानं लोकांना डावा गाल दाखवला नाही.

बार उडताना पुंगळी फुगते आणि ज्या बंदुकीतून उडाली तिच्या पोटाचा हुबेहूब ठसा घेते. मग दोन रस्ते. एक, तिला साच्यात घालून अंगभर दाबायची. मग ती त्या जातीच्या कुठल्याही बंदुकीत जाते, बाजारातल्या तयार सदऱ्यासारखी. दुसरा, नुसती मान दाबायची, गोळी धरून ठेवण्यापुरती, आणि बाकीचं अंग फुगलंय तसंच राहू द्यायचं. अशी पुंगळी आपल्या बंदुकीत ससा बिळात बसावा तशी बसते आणि नेम असा लागतो की बघत राहावं. फक्त ती दुसऱ्याच्या बंदुकीत घालायची नाही.

दोघा भावांच्या बंदुका जुळ्या होत्या. बापानं एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, नंबरसुद्धा लागोपाठचे. पण जुळ्या पोरांनाही एका मापाचे बूट होत नाहीत. हॅल्वरच्या बंदुकीत काडतुसाचं घर मर्लच्यापेक्षा कागदाच्या एका पानाएवढं जास्त खोल होतं. म्हणून मर्लची काडतुसं तो अंगभर दाबून करायचा, आणि स्वतःची नुसती मान दाबून वरच्या फळीवर वेगळी ठेवायचा.

सप्टेंबरात नेमबाजी क्लबच्या स्पर्धेत मर्लनं हॅल्वरला हरवलं. केसभरानं, आणि तेही हॅल्वरनंच भरून दिलेल्या काडतुसांनी. एवढ्यावर थांबला तर तो मर्ल कसला! "माझा भाऊ पितळेला इस्त्री करतो आणि मी नेम धरतो," असं गावभर सांगत हिंडला. मग गेल्या मंगळवारी तो हॅल्वरच्या शेडमध्ये आला.

"एक डबा दे. माझा मी ट्रकच्या टपावर ठेवून तसाच निघालो. आता कोल्हे शिकारीला गेले असतील तो घेऊन."

"तुझी तयार नाहीत."

"मग ती वरची काय, मुरायला ठेवलीयस?"

हॅल्वर फडक्यानं एक पुंगळी पुसत होता. मर्ल ते बघत राहिला. "इंगर गेल्यापासून पुंगळ्यांशीच संसार मांडलास लेका. एवढ्या मायेनं तिच्या अंगावरून कधी हात फिरवला नाहीस."

इंगर हॅल्वरची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. हॅल्वर उठला, वरच्या फळीवरचा डबा काढला आणि भावाच्या हातात ठेवला. वीस काडतुसं, नुसती मान दाबलेली.

शिकारीला निघण्यापूर्वी प्रत्येक काडतूस आपल्या बंदुकीत एकदा घालून, बोल्ट लावून बघायचं, हा खोऱ्यातला रिवाज. मर्ल म्हणालाही, "घरी गेल्यावर घालून बघतो एकदा."

"का? माझ्या कामावर भरवसा नाही?"

मर्लनं डबा खिशात टाकला. "तुझ्या पितळेवर पाद्र्यापेक्षा जास्त भरवसा आहे माझा," म्हणाला, आणि ते तो खरंच म्हणाला.

हॅल्वरच्या डोळ्यांपुढं एवढंच चित्र होतं: समोर शिंगांचं झाड डोक्यावर घेऊन एल्क हरीण उभं आहे, मर्लचा बोल्ट लागत नाही, मर्ल शिव्या घालतोय, आणि हरीण ढुंगण दाखवून चाललंय. मग हॉटेलात ही गोष्ट सांगणारा हॅल्वर. त्या चित्रात अस्वल कुठंच नव्हतं.

डोंगर चढताना नळीत काडतूस ठेवायचं नाही, हाही रिवाजच. मर्लनं तो पाळला. बुधवारी सकाळी ओढ्याकाठच्या झुडपात दोन पिल्लांची आई त्याला सामोरी आली, तेव्हा त्यानं पहिल्यांदा बोल्ट ओढला.

शुक्रवारी दुपारी मर्लची बायको लव्हॉन शेडमध्ये आली. ती शाळेची बस चालवायची. नुसतं आरशातून बघून चाळीस पोरं गप्प करणारी बाई. तिनं घोंगडीत गुंडाळलेली बंदूक टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी एक काडतूस.

"शिकार खात्याच्या वॉर्डननं दिलं. आत अडकलं होतं, बडवून काढावं लागलं म्हणाली. तूच भरलेलं ना?"

"हो."

"मग तू सांग. तो घाबरला होता का?"

हॅल्वरनं मापाचा चिमटा हातात घेतला. मोजण्याची गरज नव्हती, पण डोळे कुठंतरी ठेवायला हवे होते. पुंगळीच्या मानेखालच्या उतारावर एक चकचकीत कडं उमटलं होतं. तिथं पोलाद पितळेला म्हणालं होतं, यापुढं जागा नाही.

"थंडीत बोटं बधिर होतात," तो म्हणाला.

"हातमोजे होते. मीच विणलेले."

"मोज्यांतसुद्धा होतात."

लव्हॉन स्टुलावर बसली. "क्लेटन काय बोलतो ते कळतं मला. लोक भेटायला येतात, वाईट वाटलं म्हणतात, आणि ओठ आत ओढून घेतात. एक्केचाळीस वर्षं नांदले मी त्याच्याजवळ. बढाईखोर होता, घोरायचा, माझा वाढदिवस कधी लक्षात ठेवला नाही मेल्यानं. पण भित्रा असता तर मला कळलं असतं, हॅल्वर. निदान आजवर मला तसं वाटायचं. आता दोन दिवस त्याचा फोटो बघते, तर फोटोतसुद्धा तो घाबरल्यासारखा दिसायला लागलाय."

हॅल्वरनं चिमटा खाली ठेवला. तो घसरून जमिनीवर पडला. असल्या नाजूक वस्तू त्याच्या हातून कधी पडत नसत. त्यानं तो उचललाही नाही.

"बंदूक इथंच राहू दे," तो म्हणाला. "उद्या नऊला क्लबात ये."

शनिवारी क्लबाच्या पत्र्याच्या खोलीत शेगडी पेटली होती, वर हरणाच्या मटणाचा रस्सा रटरटत होता, आणि पंधरा-वीस माणसं हंगामाच्या शेवटच्या गप्पा मारत उभी होती. वॉर्डनही होती. हॅल्वरनं मर्लची बंदूक मधल्या टेबलावर ठेवली तशा गप्पा थांबल्या. मग त्यानं खिशातून त्याच काडतुसाची पुंगळी काढली आणि सगळ्यांना दाखवली.

"रिकामी आहे. गोळी उपसली, दारू ओतून टाकली, टोपी काढली. क्लेटन, ये. हिच्यावर बोल्ट लाव."

"मी कशाला?"

"मर्लला जमलं नाही म्हणतोस ना? तू लाव."

क्लेटननं पुंगळी आत सरकवली, दांडा पुढं रेटला आणि खाली वळवला. दांडा अर्ध्यावर थांबला. मर्लचा थांबला होता तिथंच. क्लेटन हसला, जोर केला. पुन्हा हसला, पण हे हसणं जरा आखूड होतं. मग दोन्ही हातांनी. मग बंदुकीचा दस्ता पोटाशी आवळून तळहातानं दांड्यावर घाव घालायला लागला. एक, दोन, तीन... सातव्याला दांडा खाली बसला आणि क्लेटनच्या तळव्यातून रक्त टेबलावर ठिबकलं.

"चौदा सेकंद," वॉर्डन मनगटाकडं बघत म्हणाली.

"आणि अस्वल किती लांबून आलं होतं?" हॅल्वरनं विचारलं.

"खुणा मोजल्या मी. बावीस पावलं."

"म्हणजे किती वेळ?"

"दोन सेकंद. बर्फ होता म्हणून अडीच धर."

क्लेटननं टोपी काढली. रक्ताचा हात त्यानं पँटला पुसला आणि लव्हॉनकडं वळला. "लव्हॉन, मी... हे माझं तोंड म्हणजे..."

"तुझंच आहे," लव्हॉन म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं एवढं नाही."

मग हॅल्वरनं सांगितलं. कागदाच्या एका पानाचा फरक, मान दाबणं, अंगभर दाबणं. मर्लनं बोल्ट ओढला होता, पुढं रेटला होता, खाली दाबला होता. घाबरलेला माणूस एवढं करत नाही; पळतो. मर्ल उभा राहिला होता. "काडतुसं माझ्या बंदुकीची होती. त्याच्या हातात मी दिली."

खोलीत एक सुस्कारा फिरला. "डब्यांची अदलाबदल झाली," कुणीतरी म्हणालं. "वय झालं रे. कुणाकडूनही होतं." पाठीवर एक हात पडला. रस्स्याची वाटी हातात आली. भरल्या खोलीत एवढं बोलल्याबद्दल गाव त्याला माफी द्यायला तयार होतं, आणि तीही फार सोप्या बोलीवर: मर्ल शूर, हॅल्वर वेंधळा, अस्वल ते अस्वल. हॅल्वरनं फक्त मान डोलवायची होती.

लव्हॉननं घोंगडी उचलली होती. ती थांबली.

"तुझ्या घरात खिळेसुद्धा लांबीप्रमाणं लावलेले असतात," ती म्हणाली. "हॅल्वर, इकडं बघ. चुकून दिलास?"

शेगडीतलं लाकूड तडकलं. हॅल्वरनं वाटीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"नाही," तो म्हणाला. "ठाऊक होतं. हरीण निसटावं, फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. तो घालून बघतो म्हणाला होता. मी बघू दिलं नाही."

पाठीवरचा हात लगेच निघाला नाही. थोडा वेळ राहिला, मग कॉफीच्या भांड्याकडं गेला, आणि परत आला नाही.

"कशावरून?" लव्हॉननं विचारलं.

"इंगरवरून बोलला. म्हणाला, तिच्या अंगावरून मी कधी मायेनं हात फिरवला नाही."

"खोटं बोलला?"

हॅल्वरनं रस्स्याची वाटी टेबलावर ठेवली.

"नाही," तो म्हणाला.

लव्हॉननं बोल्ट उघडला. तोही जोर लावूनच उघडावा लागला. पुंगळी काढून तिनं टेबलावर ठेवली आणि बंदूक घोंगडीत नीट गुंडाळली, लेकराचे पाय झाकावेत तसं टोक आत खोचून. वॉर्डन काहीतरी म्हणणार होती, तिला तिनं हातानंच थांबवलं.

"क्लेटन," ती म्हणाली, "सोमवारी पेटी उचलायला सहा जण लागतात. पुढची उजवी कडी भावाची होती. तिथं तू ये."

"माझा हात फाटलाय, लव्हॉन."

"फडकं बांध."

"येतो," क्लेटन म्हणाला.

ती दाराशी पोचली तेव्हा हॅल्वरनं मागून विचारलं, "आणि मी?"

लव्हॉन वळली नाही. "तूही ये. पहिल्या बाकावर बस, सगळ्यांना दिसशील असा. पण पेटीला हात लावायचा नाही."

दार बंद झालं. माणसं एकेक करून आपापल्या वाट्या घेऊन शेगडीकडं सरकली, आणि हॅल्वरभोवती खोलीभर जागा झाली.

"सोमवारी कितीला आहे?" हॅल्वरनं विचारलं.

माणसं आपापल्या वाट्यांत बघत राहिली. मग क्लेटन तळव्याला रुमाल गुंडाळत, खाली मान घालून म्हणाला, "दहाला."